कमी भाग, कमी उष्णता : परभणीच्या उन्हातला इन्व्हर्टर

इन्व्हर्टर उघडून आतले भाग मोजता येतात. त्यातला कोणता नसता तरी चालले असते, हे मात्र नुसते पाहून सांगता येत नाही. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकांत ‘कमी स्विचांचा इन्व्हर्टर’ असे एखादे प्रकरण असते. सहा स्विचांच्या जागी चार किंवा चारांच्या जागी दोन वापरून तीच लाट कशी काढायची, याचे गणित तिथे मांडलेले असते, आणि ते बरोबरही असते. पण तोच इन्व्हर्टर जिंतूरच्या माळावर किंवा गंगाखेडच्या गोदाकाठी मे महिन्यात एका खांबावर टांगला की हिशेब बदलतो. बाहेर पारा ४२-४३ अंशांवर असतो. पत्र्याच्या बंद पेटीत तो साठीच्या पुढे जातो. तिथे यादीत किती भाग आहेत यापेक्षा कोणता भाग किती तापतो, हा प्रश्न आधी येतो.

परभणी जिल्हा या विवेचनाला मुद्दाम घेतला आहे. पूर्वी इथे इन्व्हर्टर म्हणजे भारनियमनाच्या दिवसांत घरात कोपऱ्यात बसवलेली पेटी आणि तिच्याखालची बॅटरी, एवढाच अर्थ होता. आता तो शेतात गेला आहे. पीएम-कुसुम योजना आणि २०२४ पासूनची राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांतून ३, ५ आणि साडेसात अश्वशक्तीचे पंप बसतात. सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते. प्रत्येक पंपाबरोबर ‘कंट्रोलर’ नावाची पेटी येते. ती तीन फेजचा इन्व्हर्टरच असते. सोलरच्या प्लेटांचा डीसी घ्यायचा आणि विहिरीतल्या किंवा बोअरमधल्या मोटरला तीन फेजचा एसी द्यायचा, हे तिचे काम.

एसीची साइन लाट मिळवण्याचा जुना मार्ग याच जिल्ह्यात पाहायला मिळतो. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाच्या वीजगृहात प्रत्येकी साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत. तिथे चुंबक फिरतो, वेढे स्थिर असतात, आणि लाट फिरण्यातूनच घडते. सौर प्लेटेत काहीच फिरत नाही. म्हणून स्थिर डीसीचे तुकडे करून, त्या तुकड्यांची रुंदी कमीजास्त करत साइन लाट जुळवावी लागते. हे तुकडे करणारे स्विच सेकंदाला काही हजार वेळा उघडझाप करतात. मोटरचे वेढे स्वतःच त्या तुकड्यांची सरासरी काढतात आणि त्यांतून जवळजवळ गुळगुळीत प्रवाह वाहतो.

या पेटीत चार कामे होतात. दिशा बदलणे हे एक. व्होल्टेज जुळवणे हे दुसरे. क्षणभर ऊर्जा साठवणे हे तिसरे, कारण घेणे आणि देणे एकाच क्षणी सारखे नसते. चौथे काम मोजणी आणि संरक्षण. भाग काढायचा असेल तर तो यांपैकी कोणते काम करत होता, हे आधी पाहावे लागते. ते काम या ठिकाणी मुळात लागतच नसेल, तर भाग बिनघोर काढावा. शेजारचा एखादा भाग रिकामा बसत असेल, तर काम त्याच्यावर टाकता येते. मायक्रोकंट्रोलरमध्ये ते चार ओळींच्या आज्ञावलीने होत असेल तर उत्तमच. या तिन्हींपैकी काहीच नसेल, तर भाग निघतो पण काम तिथेच राहते आणि कोणत्या तरी दुसऱ्या भागाच्या डोक्यावर बसते. पुस्तकातल्या कमी स्विचांच्या बऱ्याच रचना या शेवटच्या प्रकारातल्या आहेत, असे माझे मत आहे. पुढचे विवेचन त्या मताची तपासणी आहे.

इतिहासाने भाग कसे कमी केले, ते थोडक्यात पाहू. १९६०च्या दशकात इन्व्हर्टर थायरिस्टरचे असत. थायरिस्टर इशाऱ्याने चालू होतो, पण डीसीवर इशाऱ्याने बंद होत नाही. त्याला बंद पाडायला कपॅसिटर, इंडक्टर आणि अनेकदा जोडीला आणखी थायरिस्टर असे वेगळे मंडल लागे. मॅकमरे आणि बेडफर्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी मंडले त्याच काळातली. मुख्य काम करणाऱ्या भागांइतकेच भाग त्यांना थांबवण्यासाठी असत. पुढे मॉस्फेट आला. नंतर आयजीबीटी आला. त्याच्या विकासात जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारे मूळचे मद्रासचे बी. जयंत बालिगा यांचा मोठा वाटा आहे. इशाऱ्यावर चालू आणि इशाऱ्यावर बंद होणारा स्विच मिळाला आणि थांबवण्याचे सगळे मंडल एकदम गळून पडले. ते कामच उरले नाही. भागकपातीचा हा सर्वांत शुद्ध नमुना.

घरातली पेटी

घरच्या इन्व्हर्टरमध्ये १२ व्होल्टची, बहुधा १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी असते. ६०० वॅटचा भार घेतला तर बॅटरीतून नुकसानीसह ६० अँपिअरच्या आसपास प्रवाह येतो. इतक्या प्रवाहाला वाटेतला एक-एक मिलिओहम महाग पडतो, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते.

जुन्या चौकोनी लाटेच्या पेट्यांत पुश-पुल रचना असे. ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेढ्याला मध्यावर टॅप असतो, बॅटरीची धन बाजू तिथे जोडतात आणि दोन टोकांना दोन स्विच असतात. प्रवाहाच्या वाटेत एका वेळी एकच स्विच येतो. चार स्विचांच्या पुलात, म्हणजे एच-ब्रिजमध्ये, दोन येतात. समांतर जोडलेल्या मॉस्फेटांचा मिळून रोध २.७ मिलिओहम धरला तर ६० अँपिअरला एका स्विचमध्ये सुमारे १० वॅट जातात, दोनमध्ये सुमारे २०. म्हणजे इथे कमी स्विच आणि कमी उष्णता एकाच बाजूला आहेत. किंमत तांब्यात मोजावी लागते. पुश-पुलमध्ये प्राथमिक वेढ्याचा निम्मा भाग प्रत्येक अर्ध्या चक्रात रिकामा बसतो, शिवाय बंद असलेल्या स्विचवर बॅटरीच्या दुप्पट व्होल्टेज येते. १२ व्होल्टवर हा सौदा परवडतो. २४ किंवा ४८ व्होल्टवर प्रवाह कमी झाल्याने पुलातला दुसरा स्विच जड जात नाही, आणि तांबे वाचवणे जास्त फायद्याचे ठरते.

चौकोनी लाटेत तिसऱ्या क्रमाचा हार्मोनिक मूळ लाटेच्या तेहतीस टक्के आणि पाचवा वीस टक्के असतो. पंखा गुणगुणतो, ट्यूबचा चोक तापतो. पेटीतले भाग वाचवले खरे, पण पंख्याच्या मोटरमध्ये जास्तीची उष्णता गेली. हिशेब पेटीच्या झाकणापाशी संपवला तर ही चूक दिसतच नाही.

आज घरोघरी असलेल्या साइन लाटेच्या पेटीत एक रचना मला फार देखणी वाटते. बॅटरीच्या बाजूला चार मॉस्फेटांचा पूल, त्यापुढे ५० हर्ट्झचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर. लाइट गेली की पूल बॅटरीचे तुकडे करतो आणि ट्रान्सफॉर्मर त्याचे २३० व्होल्ट करतो. लाइट आली की तोच ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो. मॉस्फेटच्या पोटातच एक डायोड असतो. चार मॉस्फेटांचे चार डायोड मिळून रेक्टिफायर तयार होतो. मग खालचे दोन मॉस्फेट वेगाने उघडझाप करून ट्रान्सफॉर्मरचा वेढा क्षणभर शॉर्ट करतात. ट्रान्सफॉर्मरचे गळती-इंडक्टन्स, जे एरवी दोष मानले जाते, त्यात ऊर्जा साठते, आणि स्विच उघडला की ती बॅटरीत ढकलली जाते. वेगळा चार्जर नाही, त्याचा थायरिस्टर नाही, त्याचा इंडक्टरही नाही. रिकामे बसलेले भाग दुसऱ्या कामाला लावले, आणि एका भागाच्या दोषालाही काम दिले.

हाच ट्रान्सफॉर्मर काढून टाकायचाही मार्ग आहे. बॅटरीचा डीसी उच्च वारंवारतेवर छोट्या फेराइट ट्रान्सफॉर्मरमधून ३५० व्होल्टपर्यंत चढवायचा आणि मग एसी करायचा. पेटी हलकी होते, लोखंडाची रिकाम्या वेळची खादाडी जाते. पण स्विचांचे दोन संच लागतात, ३५० व्होल्टचा कपॅसिटर येतो आणि मंडल गुंतागुंतीचे होते. आपल्या बाजारात जड लोखंडी पेटी टिकून आहे याला कारण आहे. मोटर सुरू होतानाचा झटका ती निमूट सोसते, आणि जळालीच तर तालुक्याच्या गावी भरून मिळते.

शेतातली पेटी

आता मुख्य भाग. पाच अश्वशक्तीच्या सौर पंपाला केंद्राच्या प्रमाणकानुसार ४८०० वॅट-पीकच्या प्लेटा लागतात. उदाहरणापुरत्या ३३५ वॅटच्या, ७२ सेलच्या पंधरा प्लेटा एका ओळीत जोडल्या असे धरू. अशा प्लेटेचे कामाचे व्होल्टेज २५ अंशांवर ३८ व्होल्टच्या आसपास आणि उघड्या टोकांचे ४६ च्या आसपास असते. तापमान वाढले की व्होल्टेज घसरते. परभणीच्या उन्हाळ्यात सेल पासष्टच्या पुढे तापतो, अंशामागे ०.४ टक्के घट धरली तर ३८ चे साडेएकतीस होतात, आणि पंधरा प्लेटांचे मिळून सुमारे ४७५ व्होल्ट. उलट बाजू हिवाळ्याची. परभणीत काही हिवाळ्यांत पहाटेचा पारा पाच अंशांखाली उतरतो. थंड प्लेटांवर कोवळे ऊन पडते आणि पंप सुरू झालेला नसतो, तेव्हा ओळीच्या टोकांना ७३० व्होल्टच्या आसपास येतात. म्हणून स्विच १२०० व्होल्टचे घ्यावे लागतात. यात काटकसरीला जागा नाही.

नेहमीची शेतीची मोटर ४१५ व्होल्टची असते. तिला पूर्ण व्होल्टेज द्यायचे तर डीसी बाजूला किमान ५९० व्होल्ट हवेत. उन्हाळ्यात तर ४७५ च आहेत. सरळ उपाय असा की इन्व्हर्टरच्या आधी बूस्ट टप्पा बसवावा. त्यात एक मोठा इंडक्टर, एक स्विच, एक डायोड आणि कपॅसिटर येतो. व्होल्टेज चढते, प्रत्येक वॅट मात्र दोन टप्प्यांतून जातो आणि दोनदा कर भरतो. दुसरा उपाय पेटीच्या बाहेर आहे. मोटर भरतानाच वेढे कमी आणि तार जाड घ्यायची, म्हणजे ती मुळातच ३३० व्होल्टच्या आसपासची होते. तांबे तेवढेच लागते. बूस्टचे चार मोठे भाग निघतात, कारण व्होल्टेज जुळवण्याचे काम वेढ्यांच्या संख्येने केले. सौर पंपाच्या मोटरच्या पाटीवर अनोळखी व्होल्टेज दिसते ते यामुळे.

याचा एक तोटा गावात कळतो. अशी मोटर जळाली आणि भरणाऱ्याने जुने वेढे न मोजता नेहमीच्या ४१५ च्या तक्त्याने भरली, तर चुंबकीय क्षेत्र कमजोर पडते. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे दोन-तृतीयांशाच्या आसपास उरतो. पंप सुरू होतो पण पाणी कमी येते, मोटर जास्त प्रवाह ओढते, आणि दोष मात्र कंट्रोलरला लागतो. टप्पा कमी केला की त्याचे ज्ञान दुसऱ्या कुणाकडे तरी जावे लागते. कंपनीने वेढ्यांचा आकडा पाटीवर छापला तर हा प्रश्न निम्मा सुटेल. छापत मात्र नाहीत.

आता सहा स्विचांचा पूल. ४७५ व्होल्ट डीसीतून साध्या साइन तुलनेने तुकडे केले तर फेज-फेजमध्ये जास्तीत जास्त २९० व्होल्ट मिळतात. तिन्ही फेजच्या इशाऱ्यांत तिसऱ्या क्रमाची एकसारखी लाट मिसळली तर ३३६ मिळतात, म्हणजे साडेपंधरा टक्के जास्त. मिसळलेली लाट तिन्ही फेजमध्ये सारखी असल्याने फेज-फेजमधल्या फरकात ती उरतच नाही, मोटरला तिचा पत्ता लागत नाही. एकही भाग वाढला नाही. मोटर ३३६ व्होल्टची भरली की तेवढ्याच शक्तीला प्रवाह कमी लागतो, आणि शंभर मीटर खोल बोअरच्या त्याच केबलमधली उष्णता पाव हिश्शाने घटते. दुसरी तशीच युक्ती अशी की प्रत्येक वेळी तिन्हींपैकी एक फेज स्वस्थ ठेवायचा, त्याचे स्विच त्या काळात उघडझापच करत नाहीत. उघडझापीची संख्या एक-तृतीयांशाने कमी होते. इथेही खर्च फक्त आज्ञावलीचा.

हेच मोजमाप चार स्विचांच्या रचनेला लावू. व्हॅन डर ब्रुक आणि व्हॅन विक यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या रचनेत तिसऱ्या फेजचे दोन स्विच काढून टाकतात आणि तो फेज डीसी बाजूच्या दोन कपॅसिटरांच्या मध्यबिंदूला बांधतात. दोन आयजीबीटी, त्यांना इशारा देणारे दोन ड्रायव्हर वाचले. कागदावर तेहतीस टक्के कपात. पण मिळणारे कमाल व्होल्टेज निम्मे होते. आपल्या उदाहरणात ३३६ च्या जागी १६८. तेवढीच शक्ती द्यायची तर प्रवाह दुप्पट, उरलेल्या चार स्विचांवरचा भार दुप्पट. त्याहून वाईट म्हणजे त्या फेजचा सगळा प्रवाह, ५० हर्ट्झचा, कपॅसिटरांतून वाहतो. त्यासाठी ते मोठे, इलेक्ट्रोलिटिक घ्यावे लागतात. स्विचाने सोडलेले काम पेटीतल्या सर्वांत अशक्त भागाने उचलले.

अशक्त का, ते सांगायला हवे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि तो हळूहळू उडून जातो. व्यवहारातला नियम असा की दर दहा अंश वाढीला आयुष्य निम्मे. १०५ अंशांवर २००० तास असे छापलेला कपॅसिटर ७५ अंशांवर सुमारे १६,००० तास चालेल. पंप वर्षाला तीनशे दिवस आठ तास चालला तर २४०० तास होतात, म्हणजे पावणेसात वर्षे. गाभ्याचे तापमान ८५ झाले की ती सव्वातीन होतात, पाच वर्षांच्या हमीच्याही आत. त्यात फेजचा प्रवाह वाहून तो स्वतःच तापणार असेल तर हिशेब आणखी खाली येतो. थंड प्रयोगशाळेत चार स्विचांची रचना सुंदर चालते. शेतात ती मला मान्य नाही.

उलट सहा स्विचांच्या रचनेत एक दडलेली सवलत आहे. तीन फेजची एकूण शक्ती प्रत्येक क्षणी स्थिर असते. एक फेज कमी देतो तेव्हा दुसरे दोन भरून काढतात. म्हणून क्षणभर ऊर्जा साठवण्याचे काम जवळजवळ उरतच नाही. फक्त उघडझापीची बारीक कुरकुर शोषायची असते, तिला काही दहा मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर पुरतो. फिल्ममध्ये द्रव नसतो, वाळायला काही नसते. दोन स्विच जास्त ठेवून सर्वांत अल्पायुषी भाग काढता येतो. भागांच्या मोजणीत ही रचना हरते. वर्षांच्या मोजणीत जिंकते.

भाग वाढवून रचना लहान होण्याची आणखी एक नोंद घ्यावी. छतावरच्या, ग्रिडला जोडलेल्या एक फेजच्या इन्व्हर्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर असे, कारण त्याशिवाय प्लेट आणि जमीन यांच्यातल्या कपॅसिटन्समधून गळतीचा प्रवाह वाहतो. एसएमए या जर्मन कंपनीने चार स्विचांच्या पुलाला डीसी बाजूने पाचवा जोडला. पुलातून बाहेर पडणारे व्होल्टेज शून्य असते त्या क्षणी तो प्लेटांना ग्रिडपासून तोडतो. एक स्विच वाढला, काही किलोंचा ट्रान्सफॉर्मर गेला आणि कार्यक्षमता ९८ टक्क्यांच्या घरात पोहोचली.

कार्यक्षमतेकडे शेतात कसे पाहायचे? इन्व्हर्टर ९५ वरून साडेसत्त्याण्णव टक्क्यांवर नेला तर पाणी अडीच टक्क्यांच्या आसपास वाढेल. प्लेटांवरची काळ्या मातीची धूळ पुसली तर याहून जास्त मिळेल, आणि इंडक्शन मोटरऐवजी कायमचुंबकी मोटर घेतली तर त्याहूनही. मग एवढा खटाटोप कशासाठी? उष्णतेसाठी. चार किलोवॅट वाहून नेताना ९५ टक्क्यांना २०० वॅट पेटीत राहतात, साडेसत्त्याण्णवला १००. दोनशे वॅट घालवायला पंखा लागतो. शंभर वॅट मागच्या बाजूच्या ॲल्युमिनियमच्या फिन्समधून आपोआप जातात. पंखा म्हणजे फिरणारे बेअरिंग, हवेसाठी भोके, भोकांतून धूळ, पाली आणि मुंग्या. पंखा गेला की पेटी पूर्ण बंद करता येते. कार्यक्षमता आणि भागसंख्या यांचे खरे नाते इथे आहे. स्विच आणि मांडणी सुधारून उष्णता निम्मी केली की भाग स्वतःहून गळतात.

म्हणून सिलिकॉन कार्बाइडचे नवे स्विच आकर्षक वाटतात. त्यांची उघडझाप अतिशय चपळ आणि त्यातली उष्णता कमी. पण बोअरमध्ये शंभर मीटर केबल आहे. केबलमध्ये व्होल्टेजची धार मायक्रोसेकंदाला सुमारे १५० मीटर धावते; जाऊन परत यायला १.३ मायक्रोसेकंद लागतात. धार चढायला ०.१ मायक्रोसेकंदच लागत असेल तर मोटरच्या टोकाशी ती पूर्ण परावर्तित होते आणि तिथे जवळजवळ दुप्पट व्होल्टेज दिसते. ४७५ चे ९५० पर्यंत. पाण्यात बुडालेल्या मोटरच्या पहिल्या काही वेढ्यांचे इन्सुलेशन हा मार रोज खाते. आयजीबीटीलाही हा आजार आहे. सिलिकॉन कार्बाइडला तो जास्त. उपाय म्हणून बाहेर फिल्टर बसवायचा, म्हणजे तीन इंडक्टर आले. फिन्स वाचल्या आणि तांब्या-लोखंडाचा गठ्ठा वाढला. उथळ विहिरीवर, दहा-पंधरा मीटर केबलला, हा हिशेब वेगळा निघतो. एकच कंट्रोलर दोन्ही ठिकाणी पाठवणे सोयीचे असते, बरोबर असेलच असे नाही.

मोजणीच्या भागांत मात्र कपात निर्धास्त करावी. तीन फेजचे तीन प्रवाह मोजायला तीन सेन्सर लागत नाहीत. डीसी बाजूला एकच छोटा रोध ठेवला आणि कोणत्या क्षणी कोणते स्विच चालू आहेत हे माहीत असले, की त्याच रोधातून तिन्ही प्रवाह वेगळे काढता येतात. बोअर कोरडा पडला हे कळायला पाण्यात तार सोडायची गरज नाही. पाणी संपले की पंपाचा भार एकदम हलका होतो, आणि वेग तोच असताना शक्ती घसरली की पंप थांबवायचा. ऊन किती आहे हे सांगणारा सेन्सरही नको. वेग थोडा वाढवून पाहायचा; प्लेटांचे व्होल्टेज कोसळू लागले तर मागे यायचे. सेन्सर म्हणजे तार, तार म्हणजे जोड, आणि शेतात जोड म्हणजे उंदीर.

वरच्या बाजूच्या तीन स्विचांच्या ड्रायव्हरला प्रत्येकी वेगळा वीजपुरवठा लागतो. तो एका डायोडने आणि एका छोट्या कपॅसिटरने भागतो, कारण खालचा स्विच चालू असताना तो कपॅसिटर भरून घेतो. ही बूटस्ट्रॅप युक्ती जुनी आणि भरवशाची आहे. सहाही स्विच, ड्रायव्हर आणि संरक्षण एकाच ठोकळ्यात घालणारी मॉड्यूलही मिळतात. यादीत वीसेक भागांच्या जागी एकच ओळ उरते. जोड कमी झाल्याने विश्वासार्हता खरोखर वाढते. पण एक स्विच गेला की पूर्ण मॉड्यूल बदलावे लागते, आणि ते सेलू किंवा पाथरीच्या दुकानात मिळत नाही. सुटा आयजीबीटी मिळतो. हमीच्या पाच वर्षांत मॉड्यूल चांगले, सहाव्या वर्षापासून सुटे भाग चांगले, असे मला वाटते. त्यावर एपॉक्सी ओतून पेटी भरून टाकली तर सहावे वर्ष येतच नाही.

एका पेटीची दुसरी कामे

भाग कमी करण्याचा आणखी एक विचार पेटीच्या पातळीवरचा नाहीच. २०२३ मध्ये आलेल्या सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्राजवळ मोठा सौर प्रकल्प उभा करून शेतीचा पूर्ण फीडर दिवसा चालवायचा, असे धोरण आहे. तिथे शेकडो छोट्या कंट्रोलरांची जागा काही मोठे इन्व्हर्टर घेतात. शेतात फक्त जुनी ४१५ व्होल्टची मोटर आणि स्टार्टर. एकरामागे भाग मोजले तर हीच सर्वांत काटकसरीची रचना. ती डीपीवर आणि तारांवर अवलंबून राहते, आणि रोहित्र जळाल्यावर पुढचे किती दिवस जातात हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

स्वतंत्र पंपाचा दोष वेगळा आहे. पावसाळ्यात आणि पिके निघाल्यावर प्लेटा व पेटी रिकामी उभी असते. म्हणून केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने युनिव्हर्सल कंट्रोलरची कल्पना मांडली. पंप बंद असताना त्याच पेटीवर कडबा कुट्टी, पिठाची चक्की, शीतपेटी चालवायची. तेच सहा स्विच वर्षाला दुप्पट तास कामी आले तर भाग निम्मे झाल्यासारखेच आहे. पण आधी वाचवलेले भाग इथे आठवतात. शीतपेटीला एक फेजचे २३० व्होल्ट हवेत. सहांपैकी चार स्विच वापरून पूल तयार होतो, व्होल्टेजही पुरते. मात्र एक फेजची शक्ती सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. दोन किलोवॅटला, ४७५ व्होल्टवर, पाच टक्क्यांची चढउतार सोसायची तर साडेपाचशे मायक्रोफॅरडच्या वर कपॅसिटर लागतो. आपण तर द्रव टाळण्यासाठी काही दहांवर उतरलो होतो. शिवाय उपकरणाला गुळगुळीत लाट हवी, म्हणजे फिल्टर आला. शीतपेटीसाठी पेटी बदलणे मला परवडणारे वाटत नाही.

चक्कीचे तसे नाही. तिची तीन फेजची, ४१५ व्होल्टची, बाजारात मिळणारी मोटर घ्यायची आणि व्होल्टेज व वारंवारता यांचे प्रमाण तेच ठेवायचे. ३३६ व्होल्टवर तिला ४० हर्ट्झच्या आसपास चालवता येते. चुंबकीय क्षेत्र पूर्ण राहते, टॉर्क पूर्ण मिळतो, वेग मात्र एक-पंचमांशाने कमी होतो. पाच अश्वशक्तीची मोटर चारची होते. बूस्ट टप्पा लावून वेग भरून काढता येईल. त्यापेक्षा मोटरवरची पुली त्या प्रमाणात मोठी घ्यावी, म्हणजे जाते नेहमीच्याच गतीने फिरेल, आणि भरण थोडे हळू सोडावे.